अमेरिकेचं पंचांग आणि नागनाथअप्पा

सर्व संबंधितांस या जाहीर प्रकटनाद्वारे कळवण्यात येते की, येत्या रविवारी भर दुपारी, परळी वैजनाथ येथील मोंढ्यात, तुरीच्या आडतीच्या माडीवर, अमेरिकेची वेळ एक तासाने पुढे करण्यात येईल. वैजनाथाची आरती, हैदराबादची गाडी आणि शाळेची घंटा यांत कोणताही बदल नाही. नागरिकांनी घाबरून जाऊ नये. आपापली घड्याळे आहेत तिथेच ठेवावीत.

ही गंभीर घोषणा मी जिन्याखालच्या फळ्यावर खडूनं लिहिली होती. एरवी त्या फळ्यावर तुरीचा भाव असे, त्यामुळे ती वाचणाऱ्यांची संख्या चांगली होती. एका हमालानं सुट्टीही तासभर आधी होणार का, असं विचारलं. एक आजोबा तर काठी टेकत माडीवर आले. त्यांचा नातू त्याच आठवड्यात दुपारी जन्मला होता, त्याची पत्रिका पुन्हा काढावी लागेल का, ही त्यांची काळजी. मी मनातल्या मनात टाळ्या घेत होतो.

मग नागनाथअप्पा आले. जिन्याशी थांबून त्यांनी घोषणा शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली. हसले नाहीत. खडू मागितला आणि खाली सरळ, टपोऱ्या अक्षरांत एक ओळ वाढवली : “परवानगीशिवाय कुणीही कशालाही हात लावू नये.” मी विनोद केला होता, त्यांनी त्याचा हुकूम केला. अप्पांच्या सहवासात माझ्या बहुतेक विनोदांचं असंच झालं.

त्यांची माझी पहिली भेट पंख्याच्या बटणापाशी झाली. धारूरहून एसटीनं धक्के खात, नोकरीच्या पहिल्या दिवशी मी घामाघूम माडीवर चढलो आणि भिंतीवरच्या बटणाकडे हात नेला. मागून आवाज आला, “हात मागं.” हात आपोआप मागं गेला. तो आवाजच तसा होता. वळून बघतो तर राखाडी सफारीतला सहा फुटी माणूस, कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आणि मिश्या अशा की त्यांना वेगळा पगार असावा.

“आदी सांगा काय करनार हाव.”

पंखा लावणार आहे, म्हणालो.

“कोनता?”

“डोक्यावरचा.”

“डोक्यावरचा पंखा लावनार. बरूबर. लावा.”

मी लावला. ते माझ्याकडे बघतच राहिले. मीही बघत राहिलो. शेवटी म्हणाले, “लावला म्हून कोन सांगनार?”

“लावला.”

“लावला. बरूबर. बसा आता, धारूरकर.”

तेव्हापासून मी धारूरकर झालो. माझं खरं आडनाव त्यांनी कधी उच्चारलं नाही.

अप्पांनी उभी हयात थर्मलच्या, म्हणजे परळीच्या वीजकेंद्राच्या, कंट्रोल रूममध्ये काढली होती. शिफ्ट इंचार्ज म्हणून निवृत्त झाले. तिथली रीतच तशी : एकानं सांगायचं, दुसऱ्यानं तेच मोठ्यानं परत म्हणायचं, मग बटण दाबायचं, आणि दाबलं म्हणून पुन्हा सांगायचं. सारख्या दिसणाऱ्या बटणांच्या भिंतीत एक चुकीचं दाबलं गेलं तर चार जिल्हे अंधारात जातात. ती रीत अप्पांनी निवृत्तीबरोबर घरी आणली. “हात मागं, त्वांड पुढं,” हे त्यांचं ब्रीद. घरी जेवताना ते “मीठ घितो” म्हणतात आणि पत्नी “घ्या” म्हणेपर्यंत हात थांबवून धरतात, अशी अफवा मोंढ्यात होती. ती कुणी पसरवली याची एकदा चौकशीही झाली. निष्पन्न काही झालं नाही.

पण या माणसाचे कान! एकदा आम्ही खाली चहाच्या गाड्यावर उभे होतो. बाजाराचा दिवस, ट्रकांचे भोंगे, हमालांच्या आरोळ्या. अप्पांनी बशी ओठाशी नेली आणि थांबले. “येक युनिट बसलं,” म्हणाले. काय बसलं, कुठं बसलं, मी विचारतोय तोवर गाड्यावरचा रेडिओ गप झाला आणि मोंढ्यातले सगळे पंखे हळूहळू थांबले. थर्मलची घरघर आम्हा सगळ्यांच्या कानात जन्मापासून होती, म्हणूनच आम्हाला ती ऐकू येत नव्हती. अप्पांना तिच्यातला प्रत्येक सूर वेगळा कळे. त्यांनी शांतपणे बशीतला चहा संपवला. मी मात्र माझा सांडला.

आता हा माणूस तुरीच्या माडीवर काय करत होता, ते सांगायला हवं. उदारीकरण दिल्लीत कधी आलं ते पेपरात छापून आलं असेल. परळीत ते पोत्यांतून वाट काढत, लाकडी जिना चढून आलं, आणि त्याला वर घेऊन येणारी बाई म्हणजे महानंदाताई. आडतीचे मालक काशिनाथशेट, त्यांची ही धाकटी सून. लग्नाआधी लातूरला कॉम्प्युटर शिकलेली. तिनं अमेरिकेतल्या एका दवाखान्याचं काम मिळवलं होतं. तिकडचे डॉक्टर रोगी तपासून झाले की आपलं म्हणणं यंत्रात बोलून ठेवत. तो आवाज परळीला येई. आमच्या मुली कानाला हेडफोन लावून तो ऐकत आणि टाइप करत. मी इंग्रजीच्या शिकवण्या घेणारा माणूस, म्हणून चुका काढायला मी. सकाळी डॉक्टर उठले की त्यांच्या टेबलावर कागद तयार. मोंढ्यात कुणाला किडनीचे खडे झाले तर आमच्या मुली जिन्यावरूनच सल्ला देत, तोही अमेरिकन उच्चारात.

हे सगळं एका जुन्या सर्व्हरवर चाले. ईमेल त्याच्याकडे, आणि सगळ्यांचं एकत्र कॅलेंडरही त्याच्याकडे : कुणाशी कधी बोलायचं, कुठलं काम कधी द्यायचं, सगळं त्यात. यंत्र जुन्या वळणाचं. माऊस, चित्रं त्याला माहीत नव्हती. काळ्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत हुकूम लिहायचा, आणि त्यानं तो पाळायचा. अप्पांना असलं यंत्र मनापासून आवडे. “हे आपल्यातलं हाय,” म्हणत. ताईंनी त्यांना यंत्रांची देखरेख करायला बोलावलं, तेव्हा त्यांनी दोन महिने बसून त्याची सगळी पुस्तकं वाचून काढली आणि मग चार्ज घेतला. ‘नोकरी धरली’ असं ते म्हणत नसत. चार्ज घेतला.

काशिनाथशेटांना हे काहीच पसंत नव्हतं. शेट आणि अप्पा एका शाळेतले, एका बाकावरचे. त्यामुळे शेट त्यांना काहीही बोलत. माडीवर येऊन कमरेवर हात ठेवून ते एक फेरी मारत आणि म्हणत, “नागनाथा, ह्या पांढऱ्या डब्यांच्या जागी तूर किती मावंल बे?” अप्पा म्हणत, “तूर खातुया मानूस. ह्या डब्यांवर पोरी घर चालवायल्या.” शेट मनानं वाईट नव्हते. त्यांनी सुनेला शब्द दिला होता, अमेरिकेचं काम आहे तोवर माडी तिची. काम गेलं की माडी तुरीची. हा शब्द त्यांनी बाजारात चार माणसांसमोर दिलेला, म्हणजे दोन्ही बाजूंनी पक्का. आणि माडी गेली तर ताई पुन्हा चुलीपाशी, आणि नांदूरघाटहून मावशीकडे येऊन राहिलेल्या रुक्सानासारख्या मुली पुन्हा गावी, हे सगळ्यांना न बोलता ठाऊक होतं.

अशात अमेरिकेहून निरोप आला. तिकडे उन्हाळ्यात सगळं राष्ट्र घड्याळं तासभर पुढं करतं. आजवर ते एप्रिलच्या आरंभी करत. त्या वर्षापासून सरकारनं कायदा बदलला : आता तीन आठवडे आधी, मार्चातच. दवाखान्यानं कळवलं होतं, ज्याचा त्यानं आपापला सर्व्हर नीट करून घ्यावा. रविवारी वेळ बदलली की लगेच आम्ही प्रत्येकाच्या कॅलेंडरात एक परीक्षेची बैठक पाठवू. तुमच्या यंत्राचं उत्तर चुकीच्या तासाचं आलं, किंवा आलंच नाही, तर सोमवारपासून काम बंद.

मुलींना काही उमगेना. घड्याळ पुढं करायचं म्हणजे काय, सूर्य ऐकतो का? अप्पांनी समजावलं. “दिवस म्हंजी गोधडी. सकाळचं टोक वडायचं आन् सांजंला घालायचं. गोधडी तेवढीच ऱ्हाती. अमेरिकेच्या पायाला थंडी वाजती, म्हून ती वडती. आता ह्या मशीनला जुनं पंचांग पाठ हाय. सरकारनं पंचांग बदललं. मशीनला कुनी सांगितलं का? न्हाई. मंग ते तीन आठवडे येक तास मागंच ऱ्हानार.” रुक्सानानं विचारलं, मग हे यंत्र बनवणारे कंपनीवाले का सांगत नाहीत त्याला? कंपनीनं उत्तर दिलं होतं की इतक्या जुन्या यंत्राला आम्ही आता औषध देत नाही, नवं घ्या. नवं घेण्याची ऐपत नव्हती. ताई अप्पांकडे बघत राहिल्या. अप्पा त्या दुपारी यंत्रासमोर मांडी घालून बसले. संध्याकाळी उठले आणि एकच शब्द म्हणाले, “व्हतंय.”

बाजारात ही बातमी पसरायला कितीसा वेळ? “नागनाथअप्पा अमेरिकेचं पंचांग दुरुस्त करायलेत,” असं लोक म्हणू लागले. शेटांनी विचारलं, “आन् न्हाई झालं तर?” अप्पा म्हणाले, “न्हाई झालं तर पैलं पोतं मी ह्या पाठीवर वर आनीन.”

पुढचा आठवडा आम्ही नाटकाच्या तालमीसारखा घालवला. अप्पांनी कागदावर एक अक्षर लिहू दिलं नाही. “कागद उडतुया, त्वांड उडत न्हाई.” टपाल थांबवा. नोंदी थांबवा. जुनं पंचांग उचला. नवं पंचांग ठेवा. नोंदी सुरू. टपाल सुरू. अप्पांच्या भाषेत टपाल म्हणजे ईमेल आणि नोंदी म्हणजे कॅलेंडर. हा क्रम मुली पाढ्यांच्या चालीत म्हणत. प्रत्येक हुकुमातली इंग्रजी अक्षरंसुद्धा त्याच चालीत. खाली तुरीचा लिलाव चाले आणि वर हा घोष. रुक्साना सगळ्यांत पक्की होती. मधूनच कुणी विचारलं तरी पुढची ओळ तिच्या ओठांवर.

शनिवारी अप्पांनी पहिलं काम उरकलं. वेळ बदलणार म्हणजे पुढच्या तीन आठवड्यांतल्या, आधीच भरलेल्या सगळ्या बैठका कॅलेंडरात तासभर अलीकडे ओढून ठेवायला हव्या होत्या. त्यांनी एक हुकूम लिहिला आणि सगळ्याच्या सगळ्या एकदम ओढल्या. बोललं, परत म्हटलं, दाबलं, दाबलं म्हणून सांगितलं. चोख. आम्ही घरी गेलो.

पुढं अप्पा थकले, आणि काही वर्षांनी गेले. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे त्यांना बसवून नेलं, आणि तेव्हाही ते शिफ्टवर निघाल्यासारखे ताठ दिसत होते. थर्मलची माणसं होती, मोंढा बंद होता. पण त्यांची आठवण निघाली की माझ्या डोळ्यांपुढं ते बसणं येत नाही. येतो तो रविवार.

रविवारी अकराच्या सुमारास अमेरिकेतून येणारा आवाज थांबे, तेव्हाच यंत्राला हात लावता येई. आणि कॅलेंडराप्रमाणे नेमकं अकराला आमचं लोडशेडिंग होतं. परळीत वीज तयार होते आणि परळीतच जाते, हे परळीकराला समजावून सांगावं लागत नाही. जाण्याच्या वेळा आठवड्याला बदलत, म्हणून अप्पांनीच त्या कॅलेंडरात भरून ठेवलेल्या होत्या. आम्ही कधी अंधारात असू हे अमेरिकेलाही दिसावं, हा हेतू. कॅलेंडर बघून अप्पांनी मंडपवाल्याचं जनरेटर आणवून जिन्यापाशी उभं केलं होतं; लाईट गेली की ते लावायचं आणि मगच काम सुरू करायचं. स्वतः वैजनाथाचं दर्शन घेऊन, ताजं भस्म लावून आले होते.

अकरा वाजले. लाईट गेली नाही. सव्वाअकरा, साडेअकरा. पंखे फिरतायत. मुली एकमेकींकडे बघून हसू लागल्या. ताई म्हणाल्या, अप्पा, थर्मलवाल्यांना कळलेलं दिसतंय आज तुमचं काम आहे ते. अप्पांच्या मिश्यांची टोकं वर गेली. जन्मभर ज्या घराची चाकरी केली, त्या घरानं एका रविवारी आपला मान ठेवला, असं त्यांना वाटलं. आम्हा सगळ्यांनाच वाटलं. तेवढ्यात मंडपवाला जिना चढून आला. एका लग्नात त्याचं दुसरं जनरेटर बंद पडलं होतं, वऱ्हाड खोळंबलं होतं, लाईट तर आहेच, तर हे नेऊ का? अप्पांनी राजानं गाव इनाम द्यावं तसा हात उचलला. “घिऊन जा. आज आपल्या घरची लाईट हाय.”

आणि काम सुरू झालं. रुक्साना म्हणे, टपाल थांबवा. अप्पा म्हणत, थांबवतो. टकटक. थांबवलं. थांबवलं, बरोबर. नोंदी थांबवा. थांबवतो. थांबवल्या. जुनं पंचांग उचला. उचलतो. उचललं.

बारा वाजले आणि लाईट गेली.

पंखे थांबले. लाईट गेली की यंत्रांना थोडा वेळ तगवणारी बॅटरी टींटीं ओरडू लागली. कुणीतरी किंचाळलं.  त्या क्षणी यंत्राकडे जुनं पंचांग नव्हतं आणि नवं अजून आलं नव्हतं. जगातल्या कुठल्याही गावची वेळ त्याला ठाऊक नव्हती. त्याच अवस्थेत ते बंद पडलं असतं तर पुन्हा उठेल याची खात्री खुद्द अप्पांनाही नव्हती. आणि लांबून, पार स्टेशनच्या बाजूनं, आमच्याच जनरेटरवर सनईची रेकॉर्ड सुरू झाली.

अप्पांनी डोळे मिटले, एकदाच. मग सांगितलं. काल त्यांनी कॅलेंडरातली प्रत्येक नोंद तासभर अलीकडे ओढली होती. बैठकांबरोबर परळीचं लोडशेडिंगही ओढलं गेलं होतं. बाराचं अकरा झालं होतं ते कॅलेंडरात. बैठका ऐकतात. वीज थोडीच ऐकते? थर्मलनं कुणाचा मान ठेवला नव्हता, लाईट आपल्या वेळेला गेली होती. हे त्यांनी आवाज न चढवता, शिफ्टचा चार्ज देताना सांगावं तसं सांगितलं. “चूक माजी. तिचं उद्या बघू. चूक उद्या, मशीन आज. धारूरकर, बॅटरीवर काय काय हाय?”

मी सांगू लागलो : सगळे कॉम्प्युटर, सगळे पडदे, दोन पंखे, ट्यूब, सर्व्हर, मॉडेम. आणि मग मी जे पाहिलं ते मी आजही नीट सांगू शकत नाही. ज्या माणसानं आयुष्यभर लोकांना वीज दिली, तो आमची वीज तोडू लागला. आमच्या माडीवर त्यानं लोडशेडिंग केलं. घाई नाही. एकेक नाव. “धारूरकर, काय करनार?” पंखा बंद करणार. “कोनता?” डोक्यावरचा. “करा.” केला. “केला, बरूबर.” बॅटरी ओरडतेय, बायका रडायच्या बेतात, आणि हा माणूस विचारतोय कोणता! मुली एकेक करून आपापला कॉम्प्युटर बोलून, परत म्हणून बंद करत गेल्या. आणि चमत्कार असा की ते म्हणता म्हणता त्यांचे हात कापायचे थांबले. तेव्हा मला कळलं, ही रीत यंत्रासाठी नव्हतीच.

शेवटी उरला सर्व्हर, मॉडेम आणि सर्व्हरचा जुना, पोट सुटलेला पडदा. सगळ्यांत जास्त वीज पिणारा तोच. अप्पा म्हणाले, “पडदा बंद करनार.” कुणी परत म्हणेना. पडदा बंद म्हणजे लिहिलेलं काहीच दिसणार नाही. शेवटी रुक्साना म्हणाली, “पडदा बंद करनार.” तो काळा झाला.

नेमके तेव्हा काशिनाथशेट वर आले. लाईट गेली, खाली गरमी, दुकानात गिऱ्हाईक नाही. दारात कमरेवर हात ठेवून त्यांनी तोंड उघडलं. अप्पा मान न वळवता म्हणाले, “काशिनाथा, हात मागं.” मोंढ्याचा भाव ठरवणाऱ्या माणसाचे हात शाळेतल्या पोरासारखे पाठीमागं गेले, आणि तिथंच राहिले.

रुक्साना एकेक अक्षर पाढ्याच्या चालीत म्हणू लागली. अप्पा डोळे मिटून टाइप करत. प्रत्येक ओळ संपली की दोघंही थांबत. हुकूम चुकला तर ते यंत्र बॅटरीहून जाडसर ‘टूं’ करे, म्हणून ते न वाजण्याची आम्ही वाट बघत होतो. मग अप्पा मान किंचित कलती करून त्याच्या पोटातली खरखर ऐकत. बाजारात उभं राहून थर्मलचं युनिट ओळखणारे ते कान. खरखर थांबली की म्हणत, “ठिवलं.” रुक्साना म्हणे, “ठिवलं, बरूबर.” नोंदी सुरू. सुरू. टपाल सुरू. बोटं उतरली, खरखर झाली. ती लांबली. फार लांबली. अप्पांच्या भस्मातून घामाची एक रेघ खाली आली.  समोर बंद पडलेली काच, तिच्यासमोर डोळे मिटलेला एक म्हातारा, आणि सातासमुद्रापलीकडच्या आख्ख्या देशाची वेळ तो नुसती ऐकून जागेवर बसवत होता.

खरखर थांबली.  अप्पांनी हात कीबोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले. आता परीक्षेची बैठक तिकडून येणार होती आणि यंत्रच तिला उत्तर देणार होतं. आमच्या हातात काही नव्हतं. बॅटरीची टींटीं जवळ जवळ येत चालली होती. सनई थांबून तिकडे मंगलाष्टकं सुरू झाली होती.

टेलिफोनला वीज लागत नाही हे आम्ही विसरूनच गेलो होतो. तो वाजला तेव्हा तीन जणी दचकल्या. ताईंनी उचलला. पलीकडे दवाखान्याची बाई होती, तिच्याकडे मध्यरात्र उलटलेली. ताई ऐकत गेल्या, आणि सवयीनं प्रत्येक वाक्य इंग्रजीत परत म्हणत गेल्या. फोन ठेवला. मग आमच्याकडे वळून मराठीत सांगितलं : उत्तर पोचलं, बरोबर तासाचं पोचलं, उद्यापासून काम नेहमीसारखं. 

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. वाजवाव्या असं कुणाला सुचलंच नाही. देवळात गाभाऱ्याचं दार उघडतं तेव्हा माणसं जशी गप होतात, तसे आम्ही उभे होतो. अप्पा तसेच बसून होते, पाठ ताठ, अजून डोळे मिटलेले. रुक्साना ओढणीनं तोंड पुसत होती. शेटांनी एकदा सुनेकडे पाहिलं, एकदा त्या काळ्या काचेकडे. हात त्यांचे अजून पाठीमागंच. पुढं वाकून त्यांनी काच जवळून न्याहाळली, उजवीकडून, मग डावीकडून. आणि न राहवून बोलून गेले,

“नागनाथा, लाईट आली की पुन्ना येकदा कर बे. मला काईच दिसलं न्हाई.”